आभाळातले सात दगड

शेवटची पट्टी भिंतीला चिकटली तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. जावई स्टुलावरून खाली उतरला, दोन पावलं मागे सरकला आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिला. भिंतभर तळं पसरलं होतं. निळंशार पाणी, काठाला गर्द झाडी, मागे बर्फाचे डोंगर, आणि त्या सगळ्याचं प्रतिबिंब इतकं स्वच्छ की खरं कुठलं आणि खोटं कुठलं हे सांगता येऊ नये. हे शेवटचं वाक्य जावयाच्या मनात कौतुकाने आलं होतं. थोड्याच वेळात ते त्याच्या अंगाशी येणार होतं.

त्याला आपण जावईच म्हणू, कारण या गोष्टीत त्याचं तेच पद पणाला लागलेलं आहे. पोटापाण्यासाठी तो एका दवाखान्यात एक्स-रे काढायचा. दिवसभर माणसांना यंत्रापुढे उभं करून "श्वास घ्या, धरून ठेवा, हं, सोडा" असं म्हणायचं आणि फोटोच्या कोपऱ्यात डावं-उजवं नीट उमटलंय ना ते पाहायचं, हे काम तो चौदा वर्षं बिनचूक करत होता. घरात मात्र त्याने हात लावलेली वस्तू तिथून थेट दुरुस्तीला जायची. नळ आवळला की पाणी वाहायचं, खुर्ची ठोकली की ती लंगडायची. त्याच्या सासऱ्यांनी हे फार लवकर ओळखलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत जावई त्यांच्याकडचं दार उघडायला गेला आणि दाराची मूठ हातात घेऊन परत आला. सासरे एवढंच म्हणाले, "असू द्या जावईबापू, तुम्ही बसा." त्यानंतरची अकरा वर्षं जावई बसलेलाच होता.

सासऱ्यांना सगळं गाव मास्तर म्हणायचं. त्यांनी छत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि त्यातली निम्मी वर्षं उत्तरेची तळी शिकवण्यात गेली. तरुणपणी ते एकटेच तिकडे जाऊन आले होते. सात तळी, आठ दिवस, सगळं पायी. या एका सहलीवर त्यांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्या पोसल्या. कुणी थंडी वाजते म्हटलं की मास्तर म्हणत, "ही कसली थंडी? तिसऱ्या तळ्यावर पहाटे मी तोंड धुतलं होतं, तेव्हा दाढी कडक झाली होती." कुणी दमलो म्हटलं की पाचव्या तळ्याचा चढ निघायचा. पाऊस म्हटलं की सहावं तळं.

मागच्या वर्षी सासूबाई गेल्या आणि मास्तर एकटे पडले. दोनदा गॅस चालू राहिला, एकदा तर बाहेरच्या दाराला किल्ली तशीच लटकत राहिली. लेक सहा महिने त्यांच्या मागे लागली होती, "बाबा, आमच्याकडे या, कायमचे या." शेवटी मास्तर म्हणाले, "चार दिवस येऊन बघतो. जमलं तर राहीन, नाही तर सोमवारच्या बसने परत." हे चार दिवस लेकीने परीक्षेसारखे अंगावर घेतले. मास्तरांसाठी मागची खोली रिकामी केली, पलंग खिडकीशी लावला, आणि समोरच्या भिंतीसाठी तिसऱ्या तळ्याचं भिंतभर चित्र मागवलं. सकाळी उठल्यावर बाबांना आपलं तळं दिसेल, मग ते कशाला जातात परत, असा तिचा हिशेब होता. दुकानाचा माणूस लावायला आठवड्याने येतो म्हणाला, तेव्हा जावई म्हणाला, "मी लावतो की."

लेकीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग बाबांना आणायला स्टँडवर निघताना ती म्हणाली, "एवढी एकच भिंत आहे हो. बाकी काही करू नका. फक्त ही भिंत."

भिंत झाली होती, आणि सोपी गेली नव्हती. चित्र पाच पट्ट्यांचं होतं आणि मागे एक ते पाच आकडे होते. पहिली पट्टी त्याने डाव्या टोकाला लावली, दुसरी तिच्या उजवीकडे धरली, तर डोंगर जुळेनात. खूप वेळ खटपट केल्यावर त्याच्या लक्षात आलं की दुसरी पट्टी पहिलीच्या डाव्या अंगाला बरोबर जुळते. "दुकानदाराने आकडे उजवीकडून टाकलेत तर!" तो स्वतःशी म्हणाला. दवाखान्यात डाव्या-उजव्याच्या असल्या शेकडो चुका त्याने पकडल्या होत्या. त्याने ओली पट्टी अलगद सोडवली, उजव्या टोकाला नेऊन लावली आणि तिथून डावीकडे सरकत गेला. सगळं कसं झकास जुळलं. वर-खालीचा विचार त्याच्या मनाला शिवलाच नाही. चौदा वर्षांत तशी वेळच आली नव्हती. छातीचा फोटो हातात घेतल्यावर माणसाचं डोकं कुठल्या बाजूला, हे कुणी विचारत नाही.

लवकर वाळावं म्हणून त्याने पंखा पूर्ण वेगाने सोडला. तेवढ्यात शेजारच्या काकू वाटी परत करायला आल्या.

"अगंबाई! काय सुरेख दिसतंय हो!" काकू दारातूनच म्हणाल्या. "तुम्ही लावलंत? एकट्याने?"

"एकट्याने," जावई नम्रपणे म्हणाला.

"छान हो, छान." काकू दोन पावलं आत आल्या आणि मान वर करून बघू लागल्या. "पण काय हो, हे दगड आभाळात कसे?"

"कुठले दगड?"

"हे काय, वर. एक, दोन, तीन... सात आहेत. उथळ पाण्यातून तळाचे दगड दिसतात ना, तसे दिसतायत."

जावयाने वर पाहिलं. छताच्या खाली, निळ्या आभाळात, सात गोल दगड शांतपणे पडले होते. त्याने खाली पाहिलं. खालचा बर्फ वरच्या बर्फापेक्षा पांढरा होता. त्याने मान वाकडी केली, आणखी वाकडी केली.

"काकू," तो म्हणाला, "हे उलटं लागलंय."

"अय्या! मग सुलटं लावा," असं म्हणून काकू वाटी ठेवून निघून गेल्या.

जावयाने दुकानात फोन लावला.

"पट्टी काढून परत लावता येते का?"

"येते की," दुकानदार म्हणाला. "अर्ध्या तासाच्या आत असेल तर. पंखा वगैरे लावला नाही ना?"

जावयाने गरगरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं. "लावला असेल तर?"

"मग भिंतीसकट निघेल."

"दुसरं चित्र मिळेल?"

"तीन आठवडे." दुकानदाराला त्याचा आवाज ऐकून दया आली असावी. "साहेब, असू द्या तसंच. तळंच आहे ते. कोण बघतंय वर काय आणि खाली काय!"

"बघणाऱ्याने छत्तीस वर्षं भूगोल शिकवलाय! तो तिथं स्वतः जाऊन आलाय!"

"मग अवघड आहे," दुकानदार म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

तरीही जावयाने खालचा डावा कोपरा नखाने उचकटून पाहिला. कागदाबरोबर पावाएवढा गिलाव्याचा तुकडा हातात आला. आता तो कोपरा झाकणं भाग होतं. त्याने कपडे ठेवायचं लाकडी कपाट ढकलत ढकलत तिथे आणलं. कोपरा झाकला गेला, पण कपाटाचं दार आता पलंगाला अडायला लागलं आणि हात जाईल एवढंच उघडू लागलं. ते नंतर बघू म्हणून तो दगडांकडे वळला. दगड दिसले नाहीत तर बाकीचं खपून जाईल, असा त्याचा अंदाज होता. बाहेरच्या खोलीतलं घड्याळ आणून त्याने वर टांगलं. त्याच्यामागे दोन दगड गेले, पाच उरले, आणि आभाळात पावणेबारा वाजलेले दिसू लागले. त्याने घड्याळ काढलं. खिळ्याचं भोक राहिलं ते राहिलंच.

अशा वेळी शहाणा माणूस खाली बसून डोकं धरतो. जावयाने खिशातून काळं पेन काढलं. एक्स-रेच्या पाकिटांवर नावं घालायचं ते जाड पेन होतं. स्टुलावर चढून त्याने पहिल्या दगडाला दोन्ही बाजूंनी एकेक पंख काढला. दगडाचा पक्षी झाला. खरंच झाला! जावयाला इतका हुरूप आला की दुसऱ्या पक्ष्याला त्याने चोचही काढली. तिसऱ्याच्या वेळी स्टूल हललं, म्हणून त्याचा एक पंख जरा लांब गेला. चौथा, पाचवा, सहावा बरे जमले. सातव्याचा पंख काढत असतानाच फोन वाजला, जावई दचकला, आणि त्या पक्ष्याला तिसरा पंख फुटला.

"बाबा आलेत," लेक म्हणाली. "निघालोय आम्ही, दहा मिनिटांत पोचतो. झाली ना भिंत?"

"झाली."

"नीट?"

"डावं-उजवं अगदी बरोबर आहे," जावई म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

मास्तर आले ते स्वतःची बॅग स्वतः उचलून. जावयाने हात पुढे केला, पण त्यांनी बॅग दुसऱ्या हातात घेतली. खोलीत शिरल्यावर त्यांनी आधी खिडकी उघडून वारा कुठून येतो ते पाहिलं, पलंगावर बोट दाबून गादी पाहिली आणि मग कपाटाकडे वळले.

"हे दार एवढंच उघडतं?"

"अहो, कपाट इथं कुणी आणलं?" लेकीनेही विचारलं.

"हवा खेळती राहावी म्हणून," जावई म्हणाला.

आणि मग मास्तरांनी भिंतीकडे पाहिलं. मास्तरांची नजर डावीकडून उजवीकडे गेली, वर पक्ष्यांवर थांबली, खाली आली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. जावयाने श्वास घेतला होता आणि धरून ठेवला होता. आता "सोडा" म्हणायला कुणी नव्हतं.

"तिसरं तळं का?" मास्तरांनी विचारलं.

"हो बाबा! ओळखलंत ना?"

"न ओळखायला काय झालं? हेच ते." एवढं बोलून मास्तर वळले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत भिंतीकडे पाठ करून बसले.

जावयाचा जीव भांड्यात पडला. पण तिथे तो फार वेळ टिकला नाही. जेवणं आटोपल्यावर बाबांचे कपडे कपाटाच्या अर्धवट दारातून आत कोंबून लेक स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"बाबांना आवडलं नाही," ती म्हणाली.

"कशावरून?"

"आल्यापासून भिंतीकडे बघत नाहीत. मी खुर्ची वळवून ठेवली, तर त्यांनी परत फिरवून घेतली. आत्ता मला विचारत होते, सोमवारची पहिली बस किती वाजता आहे म्हणून." ती ओट्यावरचे कप उगाच सरळ करू लागली. "मला वाटलं होतं, तळं बघून रमतील. उलट जास्तच अवघडल्यासारखे झालेत. आई असती तर तिला कळलं असतं."

जावयाला फार वाईट वाटलं. त्याच्या मते आता सगळं स्पष्ट होतं. मास्तरांनी पहिल्याच नजरेत ओळखलं होतं, आणि लेकीचं मन मोडू नये म्हणून ते गप्प राहिले होते. ज्या माणसाने ते तळं डोळ्यांनी पाहिलंय, त्याने ते रोज उठून डोक्यावर उभं राहिलेलं का बघावं? जातील नाही तर काय करतील! एका पट्टीपायी बायकोचे वडील घरातून चालले होते, आणि पट्टी आपण लावली होती. चहाला मास्तरांचे दोन जुने विद्यार्थी येणार होते. ते गेले की लेकीसमोर आणि मास्तरांसमोर कबूल करून टाकायचं, असं त्याने ठरवलं. ठरवल्यावर त्याला थोडं हलकं वाटलं.

चार वाजता विद्यार्थी आले. एक होत्या बँकेतल्या बाई, दुसरा औषधाच्या दुकानाचा मालक. दोघंही पन्नाशीचे, पण मास्तरांसमोर पलंगाच्या कडेवर गुडघे जुळवून बसले.

"अय्या सर, तुमचं तळं!" बाई ओरडल्या. "आम्हांला दाखवा ना, तुम्ही कुठून चढलात ते. वर्गात फळ्यावर दाखवायचात तसं."

"आता काय दाखवायचं," मास्तर म्हणाले. "जुनी गोष्ट झाली."

"दाखवाच सर!"

मास्तर नाइलाजाने उठले. त्यांनी वर्तमानपत्राची गुंडाळी केली आणि भिंतीपाशी उभे राहिले. उभे राहिल्यावर मात्र छत्तीस वर्षांची सवय अंगात आली. "ही झाडी," ते म्हणाले, "हिच्या खालून पायवाट आहे. इथे मी शिदोरी सोडली. आणि हा जो खडक आहे, त्यावर बसून मी पाय पाण्यात सोडले होते."

औषधवाला मघापासून मान इकडे-तिकडे करत होता. "सर, रागावू नका, पण मी गेल्याच उन्हाळ्यात तिकडं जाऊन आलो. मला हे जरा वेगळंच वाटतंय. तो मोठा सुळका आहे ना, तो डावीकडं होता. इथं उजवीकडं दिसतोय."

चहाचा ट्रे घेऊन दारात आलेल्या जावयाला हे ऐकू आलं. म्हणजे डावं-उजवंही गेलं! चौदा वर्षांत पहिल्यांदा!

पण मास्तर डगमगले नाहीत. "तू कुठे उभा होतास?" त्यांनी विचारलं.

"बस थांबते तिथं."

"हां. म्हणजे दक्षिणेचा काठ. हे चित्र पलीकडच्या काठावरून घेतलंय. तिकडून डोंगर असेच दिसणार. बस जात नाही तिथे, चालावं लागतं." औषधवाला वर्गात उत्तर चुकल्यासारखा खाली बघू लागला.

"आणि सर, हे पक्षी कुठले?" बाईंनी विचारलं.

जावई ट्रे घेऊन तसाच मागे सरकला. मास्तरांनी मात्र गुंडाळी वर केली आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं.

"हे पक्षी! अगं, दर वर्षी त्या मोसमात येतात. पहाटे माझ्या डोक्यावरून गेले होते. मी मोजले, बरोबर सात. या तिसऱ्याचा पंख बघा, वारा कापायला तो एका बाजूचा पंख लांब करतो. आणि हा शेवटचा वळतोय. वळताना क्षणभर तीन पंख असल्यासारखे दिसतात. हे मी स्वतः पाहिलेलं आहे."

जावई त्या सात पक्ष्यांकडे बघत होता. ते त्याने त्याच दिवशी दुपारी बाराच्या आत, स्टुलावर उभं राहून, पाकिटांवर लिहायच्या पेनाने काढले होते. मास्तरांनी ते तरुणपणी पाहिले होते! हळूहळू त्याच्या डोक्यात उजेड पडला. मास्तरांना चित्र उलटं आहे हे कळलंच नव्हतं. कळणार कसं? त्यांनी ते तळं कधी पाहिलंच नव्हतं.

"पण सर," औषधवाल्याला राहवलं नाही, "पलीकडच्या काठाला तर सरळ कडा आहे. माणूस उभाच राहू शकत नाही. माझ्या मोबाइलमध्ये सगळे फोटो आहेत. थांबा, दाखवतोच."

तो खिसा चाचपू लागला. मास्तरांनी वर्तमानपत्राची गुंडाळी खाली केली. त्यांनी खिडकीशी उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि मग त्यांची नजर जावयावर येऊन थांबली. अकरा वर्षांत त्यांनी जावयाकडे असं कधी पाहिलं नव्हतं. ती मदत मागणारी नजर होती.

जावई दोन पावलं पुढे आला आणि अख्खा ट्रे त्याने औषधवाल्याच्या मांडीवर ओतला.

"आई गं!" औषधवाला उडालाच.

"अहो! काय हे!" लेक किंचाळली. "तरी मी म्हटलं होतं, चहा मी आणते!"

जावयाच्या हातून हे कधीही होण्यासारखं असल्यामुळे कुणालाच संशय आला नाही. चहा तसा कोमट होता, भाजलं कुणालाच नाही. पण अशा विजारीत फोटो दाखवत बसण्यात काही अर्थ नव्हता. औषधवाला मोबाइल पुसत घरी गेला आणि त्याला सोडायला बाईही गेल्या. लेक फडकं शोधायला स्वयंपाकघरात गेली.

मास्तरांनी जाऊन दार पुढे केलं. मग ते पलंगावर बसले.

"जावईबापू," ते खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्हांला कळलंय."

"हो बाबा."

"कशावरून?"

"पक्ष्यांवरून."

"पक्ष्यांवरून?" मास्तर दुखावले. "पक्ष्यांचं तर मी चांगलं सांगितलं होतं."

जावयाने खिशातलं काळं पेन काढून त्यांच्या हातात दिलं आणि शाई लागलेली बोटं दाखवली. "ते पक्षी नाहीत बाबा. दगड आहेत. पंख मी काढलेत."

"दगड? आभाळात?"

"ते आभाळ नाही, पाणी आहे. चित्र उलटं लागलंय. मीच लावलं."

मास्तरांनी भिंतीकडे पाहिलं, पेनाकडे पाहिलं, परत भिंतीकडे पाहिलं. त्यांचे खांदे हलायला लागले. जावई घाबरला, पण मास्तर हसत होते. ते तोंडावर हात धरून, डोळे मिटून, आवाज न करता हसत होते. बऱ्याच वेळाने ते थांबले.

"निघालो होतो मी," ते म्हणाले. "खरंच निघालो होतो. तेवीस वर्षांचा होतो. वाटेत घाटात बस लागली, मग ताप भरला, आणि एका लॉजवर आठ दिवस पडून राहिलो. समोर भिंतीवर कॅलेंडर होतं, उत्तरेच्या तळ्यांचं. ते बघत आठ दिवस काढले आणि परत आलो. स्टँडवरच हेडमास्तर भेटले. 'झाली का सहल?' म्हणाले. मी 'झाली' म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सगळ्या शाळेसमोर उभं केलं, सांगा म्हणाले. मग सांगितलं. मग सांगतच राहिलो."

"नंतर का नाही गेलात?"

"भीती वाटायची हो. ते तळं मी सांगितलं तसं नसेल तर? पुढच्या वर्षी वर्गात काय तोंड दाखवू? फक्त हिच्या आईला ठाऊक होतं. तिने कधी चारचौघांत उघडं पाडलं नाही." मास्तरांनी नाक पुसलं. "आणि आज इथं आलो तर हे अख्खं तळं माझ्यापुढे उभं! रोज येणाराजाणारा विचारणार, रोज मी खोटं बोलणार. म्हटलं, आपलं घर बरं, तिथं कुणी विचारायला येत नाही. नाही तर मला काय एकटं राहायची हौस आहे? खायला उठतं ते घर."

जावई त्यांच्या शेजारी बसला. दोघं थोडा वेळ भिंतीकडे बघत राहिले.

"मग खरं कसं दिसतं ते?" मास्तरांनी विचारलं.

"डोकं खाली करावं लागेल."

"करू की. त्यात काय!"

दोघे पलंगावर आडवे उताणे झाले आणि मागे सरकत सरकत त्यांनी डोकी भिंतीकडच्या कडेवरून खाली सोडली. मास्तरांचा चष्मा घसरला, तो जावयाने धरून ठेवला. आणि डोळ्यांसमोर तळं सुलटं झालं. दगड पाण्यात जाऊन बसले, बर्फ डोंगरावर गेला, सुळका डावीकडे आला.

"अरेच्चा," मास्तर म्हणाले. "बरोबर सांगत होता तो गाढव. डावीकडंच आहे." त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते कपाळाकडे वाहू लागलं. "फार सुंदर आहे हो," ते म्हणाले. "मी सांगत होतो त्यापेक्षा चांगलं आहे."

तेवढ्यात फडकं घेऊन लेक आत आली. पलंगावरून खाली लोंबणारी दोन डोकी बघून ती दारातच थांबली.

"काय चाललंय?"

"काही नाही गं," जावई घाईने म्हणाला. "बाबा मला दाखवतायत, ते कुठून चढले ते."

"आणि चित्र अगदी बरोबर लागलंय," मास्तर त्याच दमात म्हणाले. "इतकं नीट काम मी पाहिलं नाही. जावईबापूंच्या हाताला वळण आहे."

लेकीने कमरेवर हात ठेवले. तिने जावयाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, मग हळूच मान वाकडी करून भिंतीकडे पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही तिथं गेला नव्हतात हे आईनं मला मी नववीत असतानाच सांगितलं होतं. भूगोलाच्या पेपरात मी तुमच्या सगळ्या गोष्टी लिहिल्या आणि शंभरात एकतीस मिळाले, तेव्हा. म्हणून तर लावायला सांगितलं मी हे तळं. म्हटलं, निदान एकदा तरी बघू देत. पण ते उलटं आहे हे मात्र मला आत्ता कळतंय!"

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. चाळीस-पन्नास वर्षं पाठीवर वाहिलेलं ओझं असं एका वाक्यात उतरतं, हे त्यांना माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्यांनी ते केव्हाच उतरवलं असतं.

"एकतीस?" ते शेवटी म्हणाले. "एवढे कमी?"

"सरका जरा तिकडं," लेक म्हणाली. तिने फडकं खुर्चीवर टाकलं, ती दोघांच्या मधे आडवी झाली आणि तिनेही डोकं खाली सोडलं. "अय्या," ती म्हणाली. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता रडली, आणि मग परत हसली.

"तिथं जायला किती वेळ लागतो गं?" मास्तरांनी विचारलं. भूगोलाचा हा प्रश्न त्यांनी जन्मात पहिल्यांदाच कुणाला तरी विचारला होता.

"एक रात्र आणि अर्धा दिवस."

"मग सोमवारी तिकडचीच बस बघा. तिघांची. आणि येताना मला सरळ इथंच आणा. माझे कपडे त्या कपाटात आहेत, ते काही आता बाहेर निघत नाहीत."

लेकीने मान हलवली. पण डोकं खाली लोंबत असताना हलवलेली मान हो म्हणते की नाही, ते कळत नाही. म्हणून तिने तोंडानेही "हो बाबा" म्हटलं.